लिनक्सचा गाभा घडवण्याची पुस्तिका

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, बाकीच्या आज्ञावल्यांना स्मृती, प्रक्रियकाचा वेळ आणि जोडलेली उपकरणे वाटून देतो. लिनक्सचा गाभा सर्वांना वाचता येतो व बदलता येतो, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. बदलून दाखवायची वेळ आली की मात्र हाताशी चांगले मार्गदर्शन लागते. 'डेबियन लिनक्स कर्नल हँडबुक' ही पुस्तिका आम्ही याच दृष्टीने वाचली. डेबियन हे १९९३ साली सुरू झालेले, स्वयंसेवकांनी चालवलेले वितरण आहे आणि त्यातील गाभ्याची देखभाल करणाऱ्यांनीच ही पुस्तिका लिहिली आहे.

कृती थोडक्यात अशी. वितरणाचे 'लिनक्स-सोर्स' हे पॅकेज बसवायचे, त्यातून आलेली दाबलेली फाइल उलगडायची, चालू गाभ्याची निवड-यादी 'बूट' या निर्देशिकेतून आणून ठेवायची, 'मेक मेनूकॉन्फिग' किंवा तशाच आज्ञेने तीत हवे ते फेरफार करायचे आणि 'मेक बाइनडेब-पीकेजी' ही आज्ञा द्यायची. तयार झालेले पॅकेज नेहमीच्या पॅकेजासारखे बसवता येते. हा शेवटचा भाग आम्हाला विशेष आवडला. फायली हाताने इकडेतिकडे ठेवल्या तर पुढे कोणती कोणाची हे कळत नाही. पॅकेज केले की त्यांची नोंद राहते आणि नको झाला तर तो गाभा एका आज्ञेने काढता येतो.

मात्र हा भाग लिहिताना वाचकाला निवड-यादीची ओळख आहे असे गृहीत धरले आहे, आणि शिक्षकाची अडचण नेमकी तिथे सुरू होते. यादीत हजारो प्रश्न आहेत. पुष्कळशा प्रश्नांना तीन उत्तरे असतात: गाभ्यातच घ्या, सुटा भाग म्हणून बांधा, किंवा वगळा. सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल, तबकडीवर पडून राहतो व उपकरण सापडले की स्मृतीत येतो. मग तबकडी वाचणारा भागच सुटा ठेवला तर? किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्यासारखेच झाले. डेबियन यासाठी 'इनिटरॅमएफएस' ही छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था वापरते. बूटलोडर ती गाभ्याबरोबरच स्मृतीत आणतो आणि किल्ली तिच्यात असते. वर्गात विचारण्याजोगा याहून चांगला प्रश्न आम्हाला तरी सुचत नाही. कृतीच्या ओघात असा प्रश्न वाचकाला पडावा, अशी सोय इथे केलेली नाही.

हजारो प्रश्न टाळण्याची एक आडवाट आहे. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा त्या क्षणी स्मृतीत असलेले सुटे भाग पाहून बाकीचे वगळते. २००९ च्या २.६.३२ या आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे, आणि बांधणीचा वेळ तिने खूपच कमी होतो. पण "त्या क्षणी" हे शब्द शिक्षकाने अधोरेखित करावेत. त्या वेळी पेनड्राइव्ह किंवा यूएसबीचा कॅमेरा जोडलेला नसेल आणि त्याचा भाग आधी कधी स्मृतीत आला नसेल, तर तो नव्या गाभ्यात नसेल. दोष गाभ्याचा नव्हे, पण परीक्षेच्या दिवशी हे कोणाला पटवणार!

आणखी एक खाच आहे. वितरणाच्या निवड-यादीत त्यांच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता असतो. ती फाइल उलगडलेल्या स्रोतात नसली की बांधणी मध्येच थांबते आणि पडद्यावरच्या संदेशातून नवख्याला काहीच बोध होत नाही. तो पत्ता रिकामा केला की काम पुढे सरकते. तसेच आपण बांधलेल्या गाभ्यावर वितरणाची स्वाक्षरी नसते; 'सिक्युअर बूट' चालू असलेल्या संगणकावर तो सुरूच होणार नाही. डेबियनने ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून दिली आहे.

स्वतःचा गाभा बांधला की संगणक वेगवान होतो, हा समज आम्हाला पटत नाही. १९९० च्या दशकात चार-आठ मेगाबाइट स्मृतीत प्रत्येक वगळलेला भाग मोलाचा होता. आज न वापरलेला सुटा भाग तबकडीवर जागा अडवतो. स्मृतीत तो येतच नाही. त्यामुळे तो वगळून वेगात फरक पडावा तरी कसा? उलट एक जबाबदारी वाढते. वितरण आपल्या गाभ्याची दुरुस्ती पाठवते, आपल्या गाभ्याची नाही. 'डर्टी काऊ' नावाचा दोष २००७ पासून गाभ्यात होता व ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. तेव्हा वितरणाचा गाभा वापरणाऱ्यांना नेहमीच्या अद्ययावतीकरणात सुधारलेला गाभा मिळाला. स्वतः बांधलेल्यांना पुन्हा बांधणीला बसावे लागले.

म्हणून कार्यालयातल्या, निकालपत्रे ठेवलेल्या संगणकावर हा प्रयोग करू नये. प्रयोगशाळेतला एक जुना संगणक यासाठी राखावा. प्रशासकाला ही पुस्तिका पुरेशी आहे, शिक्षकाने प्रत्येक पायरीपुढे आपला "का?" स्वतः लिहून घ्यावा. 'लोकलव्हर्जन' या पर्यायात शाळेचे नाव घालावे, म्हणजे नव्या गाभ्याने संगणक सुरू झाल्यावर 'यूनेम -आर' या आज्ञेच्या उत्तरात ते मुलांना दिसेल. यादीतून 'डीबग इन्फो' बंद केल्यास कित्येक गिगाबाइट जागा वाचते. वितरणाचा जुना गाभा मात्र काढू नये. नवा अडला तर 'ग्रब'च्या यादीतून तोच निवडायचा आहे.