नासक : एका हिऱ्याची नामावळी

त्र्यंबकेश्वरात तीर्थोपाध्यायांकडे गेलं, की ते आधी गाव विचारतात, मग आडनाव. मग जुनी वही काढून आपले पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवतात. एखादी वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची जी नोंद संग्रहालयं आणि लिलावगृहं ठेवतात, ती मला या नामावळीसारखीच वाटते. म्हणून इथूनच गेलेल्या नासक हिऱ्याची नोंद मी तशी वाचून पाहिली.

तिचा उत्तरार्ध चोख आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, हिरा दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून कंपनीकडे आणि मग लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीकडे गेला. १८३७ मध्ये मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने तो घेतला. १९४० मध्ये तो न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे आला आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पाच लाख डॉलरला विकला गेला.

पूर्वार्धात मात्र एवढंच : शतकानुशतके तो त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात होता, ‘शिवाचा डोळा’ म्हणून. माझा आक्षेप या ओळीवर आहे. आज दिसतं ते काळ्या पाषाणाचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं, ते १७८६ मध्ये पुरं झालं. मग ‘शतकानुशतके’ कोणत्या मंदिरात? आणि गाभाऱ्यात डोळे असलेली मूर्तीच नाही. खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत. हिरा मुकुटात किंवा मुखवट्यावर असू शकेल, पण ‘मूर्तीचा डोळा’ ही विकणाऱ्याच्या सोयीची कहाणी आहे.

आपलीही एक सोयीची कहाणी आहे : देवाचा हिरा इंग्रजांनी लुटला. लूट झालीच. पण देवाचा ऐवज पेशव्यांच्या जवाहिरात कसा आला? सांभाळायला, की खजिन्यात भर म्हणून? हे आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याच घरात शोधावं लागेल.

१८९७ मध्ये इंग्रजांनी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून लुटलेले ब्राँझचे मुखवटे आणि फलक निदान आहेत त्या रूपात राहिले. २०२२ मध्ये जर्मनीने त्यांतले काही नायजेरियाला परत केले, तेव्हा जे गेलं होतं तेच परत आलं. हिऱ्याचं तसं नाही. आपल्याकडचे पैलूकार वजन राखत. लंडनच्या पेढीने झळाळीसाठी तो पुन्हा कापला, विन्स्टननी आणखी. सुमारे नव्वद कॅरटचा दगड ४३.३८ कॅरटवर आला. अर्धा हिरा चुरा होऊन गेला, आणि आपल्या कारागिराचे पैलू त्याबरोबर गेले. तो उद्या परत आला, तरी त्र्यंबकहून गेलेला हिरा तो नसेल.

टिकलं ते नाव. ‘नासक’ म्हणजे इंग्रजी उच्चारातलं नाशिक. नामावळीत गाव लागलं आहे, घर अजून लागलेलं नाही. ते लावायचं तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी लिपीतली देवस्थानांची कागदपत्रं वाचायला बसावं लागेल. ‘हिरा परत द्या’ म्हणायला एक सभा पुरते. मोडी वाचायला काही वर्षं जातात, आणि ती द्यायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो आहे.