जुनी टर्मिनल्स: वाचवायचं ते नेमकं काय?

विषय विमानतळांचा आहे, पण सुरुवात मी रेल्वे स्टेशनपासून करणार आहे. आपल्यापैकी बरेचजण आज व्हीटीवर उतरून इथे आले असतील. सीएसएमटी म्हणायला हवं, पण तोंडात अजून व्हीटीच येतं. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ती इमारत १८८०च्या दशकातली. २००४ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. आणि तरीही सकाळी साडेनऊला तिच्यातून लोकलचा लोंढा बाहेर पडतोच. म्हणजे ती वारसाही आहे आणि कामालाही आहे. असं भाग्य जगातल्या एकाही मोठ्या जुन्या विमानतळ टर्मिनलच्या वाट्याला धडपणे आलेलं नाही. का नाही आलं, आणि मग अशा इमारतींचं काय करायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

का नाही, याचं उत्तर सोपं आहे. आगगाडी बदलली, पण रुळांमधलं अंतर बदललं नाही. डबे वाढले तर फलाट लांबवता येतो. विमानाचं तसं नाही. १९३०च्या दशकातलं डीसी-३ वीस-पंचवीस माणसं न्यायचं. १९५८ साली बोइंग ७०७ आलं, त्यात दीडशेच्या आसपास. १९७० साली ७४७ आलं, म्हणजे आपलं जम्बो, त्यात साडेतीनशेच्या वर, आणि पंखांचा विस्तार जवळजवळ साठ मीटर. पंख रुंदावले की दोन विमानांमधलं अंतर वाढतं, अंतर वाढलं की इमारत लांबते, माणसं वाढली की सामानाचे पट्टे वाढतात. काँक्रीट शंभर वर्षं टिकतं आणि विमान पंधरा वर्षांत बदलतं. टर्मिनल म्हातारं होतं ते या दोन वेगांच्या मध्ये सापडून. त्यात आर्किटेक्टचा दोष असतोच असं नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचं टीडब्ल्यूए टर्मिनल. एरो सारिनेन हा त्याचा वास्तुकार, मूळचा फिनलंडचा. १९५०च्या दशकाच्या मध्यात काम हाती आलं, आणि १९६१च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. इमारत उघडली १९६२च्या मे महिन्यात, म्हणजे त्याला ती चालू अवस्थेत पाहायलाच मिळाली नाही. चार काँक्रीटची कवचं, खाली चार खांब, आणि कवचांच्या फटींतून येणारा उजेड. बाहेरून पाहणाऱ्याला पंख पसरलेला पक्षी दिसतो. पण पक्ष्याची उपमा ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहे, आणि तिच्यामुळे लोक आत पाहायचं विसरतात. खरी करामत आत आहे. आत सरळ रेषा जवळपास नाहीच. जिना, कठडा, माहितीचं टेबल, बसायचा कट्टा, सगळं एकमेकांतून उगवल्यासारखं. तुम्ही दारातून आत येता आणि जमीनच तुम्हाला हळूहळू वर नेते, खाली उतरवते, मग त्या लांब नळीसारख्या बोगद्यातून विमानाकडे सोडते. प्रवास विमानात बसल्यावर सुरू होत नाही, दारातच सुरू होतो. ही कल्पना इतक्या ताकदीनं त्याआधी कुणी बांधून दाखवली नव्हती, असं माझं मत आहे.

आणि ही इमारत पहिल्या दिवसापासून अपुरी होती. रेखाटनं सुरू झाली तेव्हा पंख्याच्या विमानांचा काळ होता, उद्घाटन झालं तेव्हा जेट आलेलं होतं, आणि आठ वर्षांत जम्बो आलं. जम्बोसाठी एक नवी शाखा जोडावी लागली. मग विमान अपहरणांचे दिवस आले, तपासणीची यंत्रं आली. सारिनेनच्या त्या वाहत्या जमिनीवर रांगा उभ्या राहिल्या. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. टीडब्ल्यूए कंपनी खंगत गेली, १९९२पासून २००१पर्यंत तीनदा दिवाळखोरीत निघाली, शेवटी अमेरिकन एअरलाइन्सनं ती घेतली आणि २००१च्या ऑक्टोबरमध्ये टर्मिनल बंद पडलं. १९९४ साली शहरानं इमारतीला वारसा म्हणून संरक्षण दिलेलं होतं, म्हणून ती पाडता आली नाही. नुसती पडून राहिली.

शेजाऱ्यांचं नशीब एवढं नव्हतं. त्याच विमानतळावर पॅन अ‍ॅमचं वर्ल्डपोर्ट होतं, १९६० सालचं. छत्रीसारखं भलंमोठं लंबगोल छप्पर, त्याच्याखाली विमानाचं नाक घुसायचं, म्हणजे प्रवासी पावसात भिजायला नको. ते २०१३-१४मध्ये पाडलं. आय. एम. पेई यांचं काचेच्या भिंतींचं टर्मिनल २०११ साली पाडलं. मला वैयक्तिकरीत्या पेई यांच्या इमारतीची जास्त हळहळ वाटते. सारिनेनइतकी ती फोटोत उठून दिसत नव्हती, पण टर्मिनल म्हणून ती अधिक शहाणी होती. पोस्टरवर शोभेल अशी इमारत वाचते आणि शहाणी इमारत पडते, हे वारसा जतनाच्या बाबतीत नेहमीचंच आहे. (हशा)

टीडब्ल्यूएचं पुढे काय झालं? मागच्या बाजूला जेटब्लूचं नवं टर्मिनल २००८ साली उभं राहिलं, आणि २०१९च्या मे महिन्यात जुन्या इमारतीचं हॉटेल झालं. खोल्या पाचशे बारा, पण त्या जुन्या इमारतीत नाहीत. तिच्या मागे दोन नव्या शाखा बांधल्या आणि सारिनेनची इमारत झाली हॉटेलची लॉबी. हा निर्णय मला फार बरोबर वाटतो. त्या कवचाखाली खोल्या कोंबल्या असत्या तर सगळं संपलं असतं. फरशीचे छोटे छोटे गोल तुकडे पुन्हा घडवून घेतले, सोलारी कंपनीचा तो खडखड करत पानं उलटणारा वेळापत्रकाचा फलक पुन्हा चालू केला. बाहेर एक जुनं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान उभं केलंय, त्यात बार आहे. कारागिरी म्हणून पाहिलं तर बोट ठेवायला जागा नाही.

मग तक्रार कसली? तक्रार अशी की तिथलं घड्याळ १९६२वर थांबवलेलं आहे. फोन त्या काळचे, खुर्च्या त्या काळच्या, गाणी त्या काळची. पण ही इमारत चाळीस वर्षं कामात होती, आणि त्या चाळीस वर्षांतली एकोणचाळीस या सजावटीत बसत नाहीत. १९८६ साली टीडब्ल्यूएच्या हवाई परिचारिकांनी मोठा संप केला आणि हजारोंच्या जागी दुसरी माणसं नेमली गेली. त्या ज्या इमारतीतून कामावर जायच्या तीच ही इमारत. आज तिथे त्यांच्या गणवेशाचं कौतुक आहे. आणि १९६२ साली विमानानं जात होतं तरी कोण? भाडी सरकार ठरवत होतं आणि ती चढीच होती. आपण ज्याला 'विमानप्रवासाचं सुवर्णयुग' म्हणतो ते बहुसंख्य लोकांनी जमिनीवरून पाहिलेलं आहे. गर्दीशिवायचं टर्मिनल देखणं दिसतं यात नवल काय? गर्दी आत यायला लागली तेव्हाच तर विमानप्रवास लोकांचा झाला.

पण इथे मला हॉटेलच्या बाजूनंही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्या लॉबीत जायला बोर्डिंग पास लागत नाही. खोली घेतलेली नसली तरी तुम्ही आत जाऊन कट्ट्यावर बसू शकता. साठच्या दशकात टर्मिनल असंच होतं. सोडायला आलेला माणूस पार दारापर्यंत जायचा. तपासणीची रांग आली आणि ही मोकळीक गेली. म्हणजे ही इमारत टर्मिनल राहिली असती तर तिकीट नसलेल्याला ती आतून दिसली नसती, आणि हॉटेल झाल्यामुळे दिसते. काँक्रीटपेक्षा ही मोकळीक परत आली याचं मोल मी जास्त मानतो. ती एका धंद्याच्या मर्जीवर टिकून आहे, हेही विसरायला नको.

आता बर्लिनकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये जे वाचवलं त्याच्या नेमकं उलटं तिथे वाचवलं गेलं. टेम्पेलहोफ विमानतळाची इमारत एर्न्स्ट झागेबीलची, १९३६मध्ये सुरू झालेली, नाझी राजवटीची. बाराशे मीटरहून लांब कमान. छपरावर हजारो माणसांनी बसून हवाई कसरती पाहाव्यात अशी योजना होती. त्या परिसरात १९३६पर्यंत कोलंबिया नावाची छळछावणी होती. युद्धात तिथल्या हँगरमध्ये सक्तीनं आणलेल्या मजुरांकडून लढाऊ विमानं जोडून घेतली. आणि १९४८-४९मध्ये सोव्हिएत नाकेबंदी झाली, तेव्हा याच धावपट्ट्यांवर कोळसा आणि पीठ उतरलं आणि पश्चिम बर्लिन जगलं. एकाच इमारतीच्या नावावर एवढं सगळं. तिचं १९६२सारखं एखादं सोयीस्कर वर्ष निवडून सजावट करता येत नाही, आणि तेच बरं आहे.

विमानतळ २००८च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला. २०१०मध्ये मैदान लोकांसाठी उघडलं. शहराच्या मधोमध तीनशे हेक्टर मोकळी जमीन! धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, कडेला भाज्यांचे वाफे आहेत. सरकारला कडेनं घरं बांधायची होती. २०१४च्या मे महिन्यात सार्वमत झालं आणि मतदान करणाऱ्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश लोकांनी 'नको' म्हटलं. पुढच्याच वर्षाअखेरीस सीरियातून निर्वासित आले, तर हँगरमध्ये छत नसलेल्या खोल्या उभारून त्यांची राहायची सोय केली. सोय म्हणतो, पण ती बरी नव्हती. आवाज, उजेड, खासगीपण शून्य. तरी एवढी माणसं एका रात्रीत सामावून घेईल अशी रिकामी जागा शहराकडे होती ती केवळ ही इमारत पाडली नव्हती आणि विकलीही नव्हती म्हणून.

टेम्पेलहोफ मला पूर्ण पटतं असं समजू नका. इमारतीच्या अवाढव्य भागाचं काय करायचं हे शहराला अजून सुचलेलं नाही. पोलीस आहेत, कचेऱ्या आहेत, प्रदर्शनं भरतात, आणि दुरुस्तीचा खर्च संपत नाही. शिवाय बर्लिनमध्ये भाडी आकाशाला भिडलीत, आणि पतंग उडवायला मैदान हवं म्हणणाऱ्याकडे बहुधा स्वतःचं घर असतं. हा आक्षेप खोडून काढणं सोपं नाही. पण निर्णय कुणी घेतला? तिथल्या लोकांनी. जागा त्यांनी पायाखाली घातलेली होती, म्हणून तिच्यासाठी ते मत द्यायला बाहेर पडले.

आणि मुद्दा आपल्या अंगणात येतो तो इथे. जुहू, १९२८चा विमानतळ, देशातला पहिला नागरी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तिथे उतरले. आज तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. तिथलं टर्मिनल १९५८ सालचं. १९८०च्या सुमारास सहारचं आलं, आणि ते पाडून त्याच जागी २०१४ साली आजचं टी-२ उभं राहिलं. टी-२ देखणं आहे, त्यात भारतीय कलेचं मोठं संग्रहालयही आहे. फक्त ते पाहायचं तर आधी तिकीट काढायचं, तेही विमानाचं. (हशा) जुनं सहार टर्मिनल पाडलं तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही. इमारत रूक्ष होती, हे मान्य. पण आखातात कामाला गेलेली पहिली पिढी, अमेरिकेला गेलेली मुलं, त्यांना सोडायला आलेली आठ-आठ, दहा-दहा माणसं, हे सगळं त्या दारांशी घडलं होतं. ते दार कसं होतं याचं नीट रेखाटन तरी आपल्यापैकी कुणी पाहिलंय?

आता टर्मिनल एक पाडून नवं बांधायची योजना जाहीर झालेली आहे. ते वाचवाच असं मी म्हणणार नाही. इतक्या वेळा डागडुजी आणि नवे दर्शनी भाग लावून झाले आहेत की मूळ काय आणि ठिगळ काय हे सांगणं कठीण. चालू विमानतळात जागेची किंमतही मला कळते. पण आपल्याकडे हा प्रश्नच उभा राहत नाही, त्याचं कारण दारात आहे. तिकीट नसलेल्याला आत प्रवेशच नाही. पोहोचवायला आलेला माणूस रस्त्याच्या कडेला हात हलवतो आणि मागची गाडी हॉर्न वाजवते. जी इमारत शहराला आतून माहीतच नाही तिच्यासाठी शहर भांडणार कसं? व्हीटीसाठी भांडणारी माणसं तिच्यातून रोज गेलेली असतात.

म्हणून माझी मागणी माफक आहे. हातोडा पडायच्या आधी संपूर्ण इमारतीची मोजमापं घ्या, फोटो घ्या, जुने नकाशे एका सार्वजनिक ग्रंथालयात ठेवा. तिथे तीस-तीस वर्षं काम केलेले लोडर, सफाई कामगार, चेक-इनवर बसणाऱ्या बायका आज याच शहरात राहतात, त्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करा. आणि पाडण्याआधी एक रविवार, उड्डाणं थांबल्यावर, ती रिकामी इमारत तिकिटाशिवाय सगळ्यांना उघडी ठेवा. सुरक्षेचं काय, असं लगेच कुणीतरी विचारेल. विमानं उडत नसलेल्या इमारतीत कसली सुरक्षा, हे मीही त्यांना विचारीन. प्रश्न असतील तर घेऊया. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, तिथून सुरू करू.