मुक्तस्रोत जलपूर्वानुमान चौकट : 'नेक्स्टजेन'ची एक चिकित्सा

प्रस्तावना :
पाऊस किती पडेल यापेक्षा नदीला किती पाणी येईल, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मृदेतील ओलावा, जमिनीचा उतार, वनस्पती, बर्फ आणि धरणे या साऱ्यांचा विसर्गावर परिणाम होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने, म्हणजेच 'नोआ'ने, ऑगस्ट २०१६ मध्ये 'नॅशनल वॉटर मॉडेल' कार्यान्वित केले. सुमारे २७ लाख नदीखंडांचे पूर्वानुमान देणारे हे प्रतिमान 'डब्ल्यूआरएफ-हायड्रो' या मुक्तस्रोत प्रणालीवर आधारलेले होते. त्यापुढील टप्पा म्हणून 'नेक्स्टजेन' ही सॉफ्टवेअर चौकट विकसित करण्यात आली. प्रस्तुत लेखात तिचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

चौकटीचे स्वरूप :
मूळ प्रतिमानात संपूर्ण देशासाठी एकच गणनपद्धती होती. परंतु दमट डोंगराळ प्रदेशात संपृक्त झालेल्या जमिनीवरून पाणी वाहते, तर ॲरिझोनासारख्या शुष्क भागात जमिनीच्या शोषणक्षमतेपेक्षा पावसाचा वेग अधिक असल्याने अचानक पूर येतो. 'नेक्स्टजेन'मध्ये प्रत्येक पाणलोट क्षेत्रासाठी निराळे प्रतिमान निवडता येते. बेव्हन व कर्कबी यांनी १९७९ मध्ये मांडलेले 'टॉपमॉडेल' आणि आधुनिक चेताजालावर आधारित 'एलएसटीएम' ही दोन्ही एकाच चौकटीत चालू शकतात. 'बेसिक मॉडेल इंटरफेस' या समान संकेतांमुळे सी, सी++, फोरट्रान वा पायथन भाषेत लिहिलेली प्रतिमाने परस्परांना मूल्ये पुरवू शकतात.

चिकित्सा :
ही लवचिकता निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि तीतून दोन प्रश्न उद्भवतात. पहिला प्रश्न सुसंगतीचा आहे. समान इंटरफेस मूल्यांची देवाणघेवाण घडवून आणतो, त्या मूल्यांमागील गृहीतकांची एकवाक्यता नव्हे. दोन घटकांनी एकाच पाण्याचे बाष्पीभवन स्वतंत्रपणे मोजले, तर आज्ञावली निर्दोष चालूनही जलताळेबंद चुकतो.

दुसरा प्रश्न पडताळणीचा आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची नदीमापन केंद्रे काही हजार आहेत, तर नदीखंड लाखोंच्या संख्येने आहेत. त्यामुळे बहुसंख्य नदीखंडांवर कोणते प्रतिमान योग्य, याचा निर्णय अन्यत्रच्या अनुभवावरून करावा लागतो. बेव्हन व बिन्ली यांनी १९९२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, भिन्न प्राचलसंच उपलब्ध निरीक्षणांशी सारखेच जुळू शकतात. प्रतिमानांचे पर्याय वाढले की ही संदिग्धताही वाढते. शिवाय धरणातून पाणी केव्हा सोडावे हा निर्णय माणसांचा असतो. तो केवळ पावसाच्या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

निष्कर्ष :
आज्ञावली खुली असल्याने कोणत्याही संशोधकास तिची गृहीतके तपासता येतात, हा मुक्तस्रोत पद्धतीचा मोठा लाभ होय. मात्र पूर्वानुमानावर विसंबून गाव हलविण्याचा निर्णय घ्यावयाचा असेल, तर एवढी पारदर्शकता पुरेशी ठरत नाही. कोणत्या पाणलोटासाठी कोणते प्रतिमान का निवडले, ते कोणत्या केंद्राच्या नोंदींवर पडताळले आणि त्यात किती अनिश्चितता आहे, हेही आज्ञावलीइतकेच खुले असले पाहिजे. अन्यथा प्रतिमानांचे वैविध्य वाढेल, परंतु त्या प्रमाणात पूर्वानुमानाची विश्वसनीयता वाढेलच असे नाही. म्हणूनच सॉफ्टवेअरच्या विकासाबरोबर नदीमापन केंद्रांची जपणूक हाही याच संशोधनाचा अविभाज्य भाग मानणे आवश्यक ठरते.