हरवलेला मुका जीव आणि प्रार्थना

समाजास दुःखांची प्रतवारी लावण्याची मोठी हौस आहे. मृत्यूचें दुःख पहिल्या प्रतीचें, द्रव्यनाशाचें दुसऱ्या, मानभंगाचें तिसऱ्या. आणि घरांतलें कुत्रें किंवा मांजर हरवल्याचें दुःख कोणत्याच प्रतींत बसत नसल्यामुळें तें हंसण्यावारी नेण्याचा विषय समजला जातो. ज्याच्या घरीं हा प्रसंग गुदरतो त्याला मात्र घास गोड लागत नाहीं, आणि त्याचें कारण शेजाऱ्यास सांगण्याची लाज वाटते. मेलेल्या प्राण्यास निदान परसांत पुरतां येतें. हरवलेल्याच्या बाबतींत तेंही नाहीं. तें जिवंत आहे कीं नाहीं हें कळत नसल्यामुळें रडावें कीं शोधावें हाच प्रश्न सुटत नाहीं. अशा वेळीं श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबानें देवाजवळ काय मागावें, किंबहुना मागावें कीं नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु प्रार्थना म्हणजे काय, या मोठ्या वाड्यांत शिरण्याची ही एक दिंडीच आहे.

या विचारास लोणावळें हें स्थळ दोन कारणांनीं उचित आहे. पहिलें कारण उघड आहे. भोर घाटांतून १८६३ सालीं रेल्वे सुरू झाली आणि मावळांतील हें गांव हवा खाण्यास येणाऱ्यांचें झालें. आज एका अंगास लोहमार्ग, दुसऱ्या अंगास द्रुतगति मार्ग, आणि सभोंवार बिबट्याचा वावर असलेलें घाटमाथ्याचें रान. वर्षाकांठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस. त्यांत माग धुवून जातो आणि धुक्यांत हांकही फार दूर पोंचत नाहीं. फटाक्यांच्या आवाजानें बिथरून बंगल्याच्या फाटकाबाहेर पडलेलें कुत्रें येथें सांपडणें किती कठीण, हें स्थानिकांस सांगणें नलगे.

दुसरें कारण ख्रिस्ती प्रार्थनावाङ्मयाचें आहे. मुंबईस १९३१ सालीं जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु अँथनी डिमेलो यांनीं पुण्यास सुरू केलेली 'साधना' संस्था पुढें लोणावळ्यास आली, आणि या गांवाचें नांव जगभरच्या प्रार्थना शिकणाऱ्यांस ठाऊक झालें. त्यांचें 'साधना' हें इंग्रजी पुस्तक १९७८ सालचें. श्वासाकडे लक्ष देणें, कानीं पडणारे ध्वनि नुसते ऐकत राहणें, अशा पौर्वात्य वळणाच्या अभ्यासांपासून तें आरंभ करतें, आणि पुढें दुसऱ्यांसाठीं करावयाच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेसही त्यांत जागा आहे. १९८७ सालीं डिमेलो निवर्तले. त्यानंतर १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'अवेअरनेस' या व्याख्यानसंग्रहांत मात्र त्यांचा सूर अधिक प्रखर आहे. आपल्या दुःखाचें मूळ आसक्तींत आहे. अमुक एक मिळाल्यावांचून आपण सुखी होणार नाहीं ही समजूत सुटली कीं दुःखही सुटतें, असा त्याचा आशय आहे.

गीतेचा दुसरा अध्याय ज्यांच्या पाठांत आहे त्या मराठी वाचकांस हा विचार परका वाटणार नाहीं. त्यांत सत्यही पुष्कळ आहे. कित्येकदां आपण कुत्र्यासाठीं रडत नसून स्वतःच्या एकटेपणासाठीं रडत असतों, हें उघड करून दाखविणारा उपदेशक उपकारकच होय. डिमेलो यांच्या कांहीं मतांविषयीं रोमच्या धर्मपीठानें १९९८ सालीं सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. तो वाद येथें आम्हांस उकरावयाचा नाहीं. आमचा आक्षेप साधा आहे. ज्या संध्याकाळीं कुत्रें भर पावसांत बाहेर आहे, त्या संध्याकाळीं आसक्ति सोडण्याचा उपदेश वेळेपूर्वींचा ठरतो. तो ऐकून दुःखी मनुष्याचें मन शांत होईलही, पण कुत्रें मात्र भिजत राहील. अनासक्तीच्या उपदेशांत दुःख करणाऱ्याचा विचार होतो. ज्याच्याकरितां दुःख होत आहे त्या जिवाचा विचार त्यांत सुटून जातो. आणि हरवलेल्या प्राण्याच्या बाबतींत तर तो जीवच मुख्य आहे, कारण त्याला भूक आहे, भीति आहे, आणि घरची वाट विचारण्यास वाचा नाहीं.

ख्रिस्ती धर्मग्रंथ या बाबतींत काय म्हणतो? कुत्र्याविषयीं बायबलाचा शब्द बहुधा अनादराचाच आहे, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. रोमन पंथीयांच्या बायबलांत तोबीताच्या ग्रंथांतील कुत्रा तेवढा तरुण धन्याबरोबर प्रवासास निघतो आणि त्याच्याबरोबर घरीं परततो. परंतु प्रॉटेस्टंट पंथ हा ग्रंथ प्रमाण मानीत नाहींत. तथापि पाळीव जिवावरील मायेची सर्वांत कोमल कथा दोन्ही पंथांस समान आहे. नाथान भविष्यवादी दावीद राजास त्याचें पाप दाखवूं पाहतो तेव्हां तो एका गरीबाच्या कोंकरीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या ताटांतलें खाई, त्याच्या पेल्यांतलें पिई, त्याच्या कुशींत निजे, आणि त्यास लेकीसारखी होती. ती हिरावली गेल्याचें ऐकून राजा संतापतो. कोंकरीवरील माया हास्यास्पद असती, तर नाथानाचा बाण लागताच ना.

हरवलेल्या जनावरांची गोष्टही आहे. शौल राजपदास चढण्यापूर्वीं बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधीत तीन दिवस डोंगर हिंडला, आणि सोबतच्या गड्याच्या सल्ल्यानें शमुवेल या द्रष्ट्याकडे गेला. इस्राएलाचा पहिला राजा निवडण्याच्या कामांत असलेल्या त्या थोर पुरुषानें गाढवींचा प्रश्न क्षुद्र म्हणून झिडकारला नाहीं. त्या सांपडल्या आहेत, काळजी नको, असें त्यानें आधीं सांगितलें. रोमन कॅथॉलिक घरांतून हरवलेल्या वस्तूसाठीं पाडुआच्या संत अँथनीचा धांवा करतात, त्यामागचा भाव याच जातीचा आहे. देवाच्या दारीं लहान गाऱ्हाणें घेऊन जाण्यास बंदी नाहीं.

पण सर्वांत मोठा आधार अर्थात् हरवलेल्या मेंढराच्या दृष्टांताचा. तो पापी मनुष्याविषयीं आहे, पशूविषयीं नाहीं, असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु दृष्टांत ज्या अनुभवावर उभा असतो तो अनुभव आधीं खरा असावा लागतो. तुमच्यापैकीं कोण असें करणार नाहीं, असाच प्रश्न येशू श्रोत्यांस करतो. मावळांतला गुराखी किंवा धनगर या प्रश्नास आजही तेंच उत्तर देईल. येथें दोन शुभवर्तमानांतील एक बारीक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. लूकाचा मेंढपाळ मेंढरूं सांपडेपर्यंत शोधतो, आणि सांपडतेंच. मत्तयाच्या कथनांत मात्र एक 'जर' आहे: तें जर त्याला सांपडलें, तर त्याचा आनंद मोठा. प्रवचनकार बहुधा लूकाचा आधार घेतात, कारण त्यांत शेवट गोड आहे. ज्याचें कुत्रें तिसऱ्या दिवशींही परतलें नाहीं त्यास मत्तयाचा 'जर' अधिक जवळचा वाटेल. शोधणें हें प्रेमाचें कर्तव्य आहे. सांपडणें हा त्याचा हक्क नव्हे, हें तो एवढासा शब्द सांगून जातो.

मागणें आणि सोडणें यांचा क्रमही येशूनेंच घालून दिला आहे. गेथशेमानेच्या बागेंत त्यानें प्याला टळावा म्हणून तीनदां विनविलें आणि प्रत्येक वेळीं पित्याच्या इच्छेस मान दिला. मागणें न मागतांच त्यानें इच्छा अर्पण केली असें झालें नाहीं. तेव्हां ज्या अर्पणाआधीं मागणें नाहीं तें अर्पण कित्येकदां थकव्याचें दुसरें नांव असतें. आणि ज्या मागण्याअंतीं अर्पण नाहीं तें देवाशीं केलेला सौदा ठरतें.

मराठी ख्रिस्ती कवितेंत या भावनेस वाणी देणारे कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें शिकाऱ्याच्या घावानें मरणोन्मुख झालेल्या पक्षिणीवर जी कविता लिहिली ती पिढ्यान् पिढ्या शाळेंत पाठ झाली. त्यांची दुसरी एक कविता उडून गेलेल्या पाखरास उद्देशून आहे. तें परत कधीं येईल, असें कवि त्यास विचारीत राहतो. पाखरूं हें कोणाचें रूपक आहे यावर वाद घालणारांनीं घालावा. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, कवि त्या पाखरास कृतघ्न म्हणत नाहीं, आणि आपलें हृदयही कठोर करून घेत नाहीं. परतण्याची वाट मोकळी ठेवून तो आर्जव करीत राहतो. पहिल्या कवितेंत करुणा आहे, दुसरींत प्रतीक्षा. आणि हरवलेल्या जिवासाठीं करावयाच्या प्रार्थनेस हीं दोन्हीं लागतात.

याचा व्यवहारांतील निष्कर्ष घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत घ्यावा, कारण अशा प्रसंगीं मुलाची श्रद्धा पणास लागते. 'देव नक्की आणून देईल' असें सांगणें सोपें आहे. पण तें न घडल्यास मूल कुत्र्याबरोबर देवही हरवून बसतें. 'दुसरें आणूं' असें म्हणणें त्याहून वाईट. कारण त्यांतून प्रेमाचा विषय बदलतां येतो असें मूल शिकतें. मुलासह गुडघे टेकावेत, जें हवें तें स्पष्ट मागावें, मग कंदील किंवा विजेरी घेऊन बाहेर पडावें. दूधवाल्यास, बंगल्यांच्या राखणदारांस, स्टेशनावरील हमालांस विचारावें. पहांटे आणि तिन्हीसांजा त्याच नांवानें हांक मारावी. हें सर्व प्रार्थनेचेंच अंग आहे. आणि शोध निष्फळ झाला तर त्या जिवास, तो जेथें असेल तेथें, देवाच्या हवालीं करावें. दोन दमड्यांना पांच विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकीं एकीचाही ज्यास विसर पडत नाहीं, त्याच्या हवालीं.

डिमेलो यांची शिकवण येथें, या शेवटच्या पायरीवर, खरोखर उपयोगी पडते. मूठ उघडण्याची विद्या लोणावळ्याच्या या गुरूनें उत्तम शिकविली. मात्र ती शोधून थकलेल्या हातांसाठीं आहे. ज्यानें अजून फाटकाबाहेर पाऊल टाकलें नाहीं, त्यानें आधीं मेंढपाळाकडून शिकावें.