टाळ एक, चुली अनेक

संगीताच्या मेळ्याला जमलेली माणसे गाण्याशी कशी वागतात, याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती एकमेकांशी कशी वागतात, याची नोंद मात्र थोड्यांनीच घेतली. भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला आम्ही अनेकदा गेलो आहोत. मांडीला मांडी लावून चार-चार तास बसावे, एकाच समेला शेजाऱ्याबरोबर मान हलवावी आणि निघताना त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसावे, असा तेथील अनुभव आहे. बोलणे होते ते मध्यंतरात, चहाच्या रांगेत; आणि तेही बहुधा आधीच्या ओळखीच्या माणसांशी.

याहून कितीतरी जुना व मोठा एक गानमेळा दरवर्षी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून पायी जातो. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेली ही देहूची पालखी. तिला संगीताचा मेळा म्हटलेले कोणाला रुचणार नाही. पण पहाटेपासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत जिथे गाणे थांबत नाही, त्याला दुसरे काय म्हणावे? फरक एवढाच की येथे श्रोता म्हणून वेगळा कोणी उरत नाही. ज्याच्या हाती टाळ नाही त्याच्या हाती टाळी आहे. वीणेकऱ्याने चरण उचलला की मागच्या ओळींनी तो झेलायचा. अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणायचे, तो पाया पडला की आपणही त्याच्या पाया पडायचे. वय, हुद्दा, गाव यांची चौकशी नंतर. पुष्कळदा होतही नाही.

वारीतल्या माणसांच्या या परस्पर वागण्यावर लिहिणाऱ्या तिघांची पुस्तके आम्ही या पावसाळ्यात पुन्हा काढून वाचली. पहिल्या इरावती कर्वे. ‘परिपूर्ती’ या संग्रहातील त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख. दुसरे फादर गी डेल्यूरी, फ्रान्समधून आलेले येशूसंघीय. तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये नेले आणि विठ्ठलभक्तीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. तिसरे दि. बा. मोकाशी, ज्यांचे ‘पालखी’ १९६४ सालचे.

आमच्या वाचकांना डेल्यूरी जवळचे वाटतील, आम्हालाही वाटतात. परक्या देशाचा, परक्या धर्माचा एक पुरोहित दिंडीबरोबर चालतो, हेच मुळी कौतुकाचे. तरीही त्यांच्या ग्रंथाची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांना व्यवस्था उत्तम दिसते: दिंडीची रचना, भजनाचा क्रम, परंपरेची मुळे. माणूस मात्र या रचनेत विरळ होतो. ग्रंथ मिटल्यावर एकही चेहरा डोळ्यांपुढे राहत नाही. मोकाशींचे नेमके उलट. त्यांची वाट देहूची नव्हे, आळंदीची; सासवड, जेजुरी, फलटणवरून जाणारी. कथाकाराचा कान घेऊन ते चालतात. श्रद्धेचा आव आणत नाहीत, म्हणूनच माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलली असावीत. मात्र मोकाशी ऐकतात तितके मिसळत नाहीत. वहीचे अंतर राहते.

इरावतीबाईंचा लेख या दोहोंहून लहान, आणि आमच्या मते दोहोंहून मोठा. कारण त्यांनी दिंडीचा टाळ ऐकला, तशी दिंडीची चूलही पाहिली. दिवसभर एका सुरात गाणारी एकाच दिंडीतली माणसे जेवायला मात्र ब्राह्मण आणि मराठे अशा दोन पंगतींत वेगळी होत. बाईंना ते रोज सलत असे. त्या मराठा बायांबरोबर जेवल्या, आणि त्यानंतर त्या बाया त्यांचा हात धरून चालू लागल्या, मनातले बोलू लागल्या. एकत्र गाण्याने जे झाले नव्हते ते एका भाकरीने झाले. मग हे एकत्र गाणे परलोकापुरतेच आहे काय, असा प्रश्न त्या विचारतात. समाजशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत न सापडणारी ही कसोटी आहे. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे आठवले की तिचे मोल कळते.

तरी एका बाबतीत त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. गाण्याने काहीच होत नाही असे नाही. ते भांडणसुद्धा सुसह्य करते. आळंदीच्या पालखीत मुक्कामाच्या समाजआरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तोडगा निघतो, मग तो टाळ शांत होतो. तक्रार सांगण्याची याहून सभ्य रीत आम्हाला कोणत्याही सभेत आढळलेली नाही. (पॅरिशच्या सभांतही नाही, हे जाता जाता नमूद करतो!)

बारामतीचा मुक्काम सोडून पालखी काटेवाडीला आली की परीट समाजाची मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात. धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती धावडवतात. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वाचे गोल रिंगण. येथे आम्हाला एक खंत वाटते. रिंगणाभोवती आता बघ्यांचे कडे वाढले आहे. कडेचा माणूस हात जोडण्याऐवजी मोबाईल उंचावतो, आणि ज्याच्या पुढे हात आडवा येतो तो ‘माउली’ न म्हणता ‘ओ, खाली बसा’ म्हणतो. गानमेळ्याचा उत्सव झाला की शेजारी प्रेक्षक होतो. पण अश्व धावून गेला की कडे फुटते, टापांखालची माती कपाळी लावायला सारे वाकतात, आणि अनोळखी बाया एकमेकींचे हात धरून फुगडीला उभ्या राहतात. २०२० आणि २०२१ या महासाथीच्या दोन वर्षांत पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. तेव्हा या वाटेवरच्या घरांना काय हरवले, हे त्या घरांनाच विचारायला हवे.

या घरांवर, निदान या तीन पुस्तकांत, कोणी लिहिलेले नाही. तिन्ही लेखक चालणाऱ्यांबरोबर चालले. ज्यांच्या ओसरीवर वारकरी टेकतो, जी बाई पिठले-भाकरीची परात घेऊन सडकेवर उभी राहते, तिची बाजू उरलीच. इंदापूरच्या मुक्कामी अशाच एका आजींना आम्ही विचारले, ‘‘दरवर्षी येतात ती माणसे ओळखीची झाली असतील?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नावं न्हाई ठाव. कोन किती भाकरी खातो, ते ठाव हाय.’’