इतिहासाच्या उत्तरपत्रिकेतील ‘टीप’ : एक विचार

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘टीप लिहा’, ‘कारणे द्या’, ‘थोडक्यात उत्तर लिहा’ हे प्रकार इतके रुळले आहेत की, ती इतिहासलेखनाचीच लघुरूपे होत, याचे भान परीक्षकालाही क्वचितच राहते. लेखनप्रकार म्हणून त्यांची चिकित्सा अप्रस्तुत ठरू नये.

मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार येथील एखाद्या विद्यार्थ्यापुढे ‘वाकाटकांची वत्सगुल्म शाखा’ ही टीप आली, असे समजू. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. त्याच्याच जिल्ह्याचे ठिकाण. तो लिहील : प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक, हरिषेण हा तिचा अखेरचा मोठा राजा, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. विधाने बिनचूक आहेत. गुणही पुरे मिळतील. परंतु यांतील पहिले विधान १९३९ पूर्वी कोणाही प्राध्यापकाला छातीठोकपणे लिहिता आले नसते. त्या वर्षी वाशीम येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. शासन वत्सगुल्माहून, राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षी दिलेले. दाता सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा पौत्र म्हणून तीत नोंदलेला आहे. अजिंठ्याच्या झिजलेल्या लेखात ही नावे होतीच. पण वासुदेव विष्णु मिराशी यांनी या ताम्रपटाच्या उजेडात तो लेख पुन्हा पाहीपर्यंत ती नीट वाचली गेली नव्हती.

एवढी हकीकत दोन-तीन गुणांच्या टिपेत मावणार नाही, हा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. ‘वाशीम ताम्रपटानुसार’ एवढे दोन शब्द जोडले तरी विधान आपल्या पायांवर उभे राहते. तेव्हा दोष आखूडपणाचा नव्हे. ताम्रपट तरी काय, आखूडच मजकूर. पण कोणी, कोठून, कोणत्या वर्षी आणि कोणाला दिले, हे तो सोडत नाही.

‘कारणे द्या’ या प्रकारातील अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांना दिला’ या विधानाचे कारण म्हणून हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी सांगितली जाते. कारण खरेच आहे. मात्र ‘दिला’ या क्रियापदाचे काय? त्या तहाने कारभार व वसूल इंग्रजांकडे गेला. स्वामित्व निजामाचेच राहिले. १९०२ च्या करारात वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला गेला, आणि १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. प्रांत ‘दिला’ असता तर पुढे पट्टा कशाचा आणि किताब कशाचा? कारण लिहिणारा विद्यार्थी प्रश्नकर्त्याचे क्रियापदही निमूटपणे पत्करतो. नमुना उत्तरात ते तपासण्याची सोय नसते.

राज्याच्या इयत्ता दहावीच्या, २०१८ मधील पाठ्यपुस्तकाचा आरंभ इतिहासलेखनाच्या परंपरांनी होतो, ही स्वागतार्ह गोष्ट. पण रांके यांनी मूळ साधनांच्या चिकित्सेवर भर दिला, हे वाक्यदेखील टिपेत पाठ करूनच उतरते, आणि तेच पुढे पदव्युत्तर प्रबंधिकेच्या प्रस्तावनेत भेटते!

प्रश्नाचे रूप पालटणे अवघड नाही. ‘सर्वसेन हा प्रवरसेनाचा पुत्र होता, हे कशावरून?’ असे विचारले तर शेलूबाजारच्या विद्यार्थ्याचे उत्तर तीन ओळींतच मावेल.