ब्रह्मदेशच्या पटावरील ओझे

युद्धाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात रणशिंगे फार आणि भाकरी कमी. सैनिक काय खात होता, ते त्याच्यापर्यंत कसे पोहोचले, आणि पोहोचवणारा स्वतः काय खात होता, हे प्रश्न आमच्या वीररसात न्हालेल्या लेखकांना सुचत नाहीत. यातले पहिले दोन प्रश्न मला गांभीर्याने विचारलेले आढळले ते एका खेळात. म्हणून त्या खेळाची समीक्षा करण्याचे योजले आहे. खेळ ही काय समीक्षेची वस्तू आहे, असे विद्यापीठीय मंडळी म्हणतील. त्यांनी दलित आत्मकथनांविषयीही एके काळी असेच म्हटले होते.

अमेरिकेतील 'द गेमर्स' या प्रकाशनाने 1999 साली काढलेला 'बर्मा' हा तो खेळ. डीन एसिग यांच्या 'ऑपरेशनल कॉम्बॅट सिरीज' या मालिकेतला. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो, त्याने तो पेटीसकट कामरगावला आणला. षट्कोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या चिमुकल्या चौकोनी सोंगट्या आणि नियमांचे पुस्तक. एक डाव म्हणजे अर्धा आठवडा. चार-पाच पोरे आणि मी, असे कित्येक रविवार आम्ही त्यावर वाकून बसलो. पंखा लावला की फौजा उडायच्या, म्हणून पंखा बंद.

या खेळाचा मोठेपणा मी आधी मान्य करतो. येथे शौर्याने काहीही फुकट मिळत नाही. हल्ला करायचा तर रसद खर्ची पडते. ती आगगाडीने, मोटारींनी वा विमानाने पुढे न्यावी लागते, आणि रसदीची वाट तुटलेली तुकडी फाशांच्या हिशेबाने झिजत जाते. 1944 च्या मार्चमध्ये जनरल मुतागुची यांनी जपानी फौज चिंदविन ओलांडून इंफाळ-कोहिमावर घातली, ती तुटपुंज्या अन्नावर आणि शत्रूची कोठारे हाती लागतील या भरवशावर. कोठारे हाती लागली नाहीत. 22 जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला तोपर्यंत पाऊस कोसळत होता आणि जपानी सैनिक लढाईपेक्षा उपासमारीने व रोगाने अधिक मरत होते. दहा व्याख्यानांनी पोरांना जे कळले नसते ते दोन रविवारांत कळले.

परंतु येथेच माझा आक्षेप सुरू होतो. या पटावर भूक आहे, पण ती लढणाऱ्याचीच. तुकडीला रसद लागते. रसद वाहणाऱ्याला मात्र लागत नाही. वाहतूक म्हणजे केवळ क्षमता. तिला पोट नाही. प्रत्यक्षात काय होते? आसामच्या चहामळ्यांतले मजूर मणिपूरच्या रस्त्यावर राबविले गेले. नागांनी कोहिमाच्या डोंगरांत दारूगोळा वर नेला आणि जखमी खाली आणले. लेडोच्या रस्त्यावर सुमारे 15,000 अमेरिकन सैनिक होते, त्यांपैकी बहुसंख्य काळे. शिवाय सुमारे 35,000 स्थानिक मजूर. बंदूक गोऱ्याच्या हाती आणि फावडे काळ्याच्या हाती, ही वाटणी काही निसर्गाने केली नव्हती. आणि याच युद्धाच्या पिछाडीला 1943 साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यांच्यासाठी नकाशात एकही घर नाही.

कामरगावसारख्या वऱ्हाडी गावात वाढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. माझा आजा सरकारी साहेबाचे ओझे गावच्या शिवेपर्यंत डोक्यावर नेत असे. शिवेवर पुढच्या गावचा महार ते उचलून घेई. तीही रसदीची साखळीच होती, आणि तिच्या हिशेबातही ओझ्याची नोंद होती, डोक्याची नव्हती.

दुसरी गोष्ट सोंगटीवरच्या आकड्याची. प्रत्येक लढाऊ तुकडीला शून्यापासून पाचापर्यंत एक गुण दिलेला असतो. तिची तयारी आणि धमक दाखविणारा. लढाईच्या वेळी दोन्ही बाजूंच्या गुणांतला फरक फाशांत मिळवतात. एसिग यांनी हा गुण जातीवरून दिलेला नाही, कामगिरीवरून दिला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण कामगिरी करण्याची संधी कोणाला होती? इंग्रज सरकारनेही असाच एक आकडा आमच्या कपाळावर छापला होता. 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत काढून 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरली, त्यांनाच शून्य गुण! पहिल्या महायुद्धात निकड भासली तेव्हा 111 वी महार पलटण उभारली, आणि युद्ध संपताच मोडली. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली त्यासाठी अर्ज केला, डॉ. बाबासाहेबांनी तो लढा पुढे नेला. 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पलटणी मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अंतर्गत बंदोबस्तावर राहिल्या. 1943 साली उभारलेली चमार रेजिमेंट मात्र ब्रह्मदेशच्या आघाडीवर प्रत्यक्ष लढली. 1946 साली तिचे विसर्जन झाले. ज्या पलटणीने लढून गुण मिळविला तिला तो पुढे वापरूच दिला नाही, हे कोणत्या फाशाने ठरविले?

एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मजुरांच्या सोंगट्या घातल्या तर पटावर जागाच उरणार नाही." त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. खेळाला काटछाट करावीच लागते. पण पाऊस येतो का हे पाहण्यासाठी फासा टाकला जातो, प्रत्येक मोटारीचा हिशेब ठेवला जातो. ज्या रचनाकाराला चिखल दिसतो त्याला चिखलात उभा असलेला माणूस दिसणे अवघड नसावे. माझी सूचना साधी आहे. जंगलातल्या वाटेने रसद पुढे सरकवली की तिच्यातला एक हिस्सा वाहणाऱ्यांच्या पोटासाठी वजा करावा. नाही केला तर पुढच्या डावात ती वाट बंद. आम्ही एका रविवारी असे खेळून पाहिले. खेळ फार लांबला. दिवस मावळला तरी इंग्रजांची कुमक दिमापूरहून कोहिमाला पोहोचली नव्हती.